आपले मौन आणि वयात येणारी आपली ऑटिस्टिक मुले

आपल्या या मासिकात शिक्षणाविषयी पुष्कळ लिहिले जाते. शिष्यवृत्त्या, विद्यापीठांतील प्रवेश, मुलांचे मराठी, कामाच्या ठिकाणचा जातिभेद हे सारे विषय महत्त्वाचे आहेतच. पण त्यांवर लिहिताना मान खाली घालावी लागत नाही. आज ज्या विषयावर आम्ही लिहीत आहोत, त्यासाठी धैर्य गोळा करण्यात आमची पाच वर्षे गेली. आम्ही म्हणजे बावीस वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहणारे एक आंबेडकरी जोडपे. आमचा थोरला मुलगा ऑटिस्टिक आहे. तो आता एकोणीस वर्षांचा आहे. हा लेख त्याला वाचून दाखवून, त्याची संमती घेऊनच आम्ही पाठवीत आहोत. त्याने दोन दुरुस्त्या सुचवल्या. त्यांविषयी शेवटी सांगू.

पाच वर्षांपूर्वी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. भाड्याने घेतलेल्या सभागृहात वंदना झाली, भाषणे झाली आणि जेवणाची रांग लागली. आमचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याच्या पुढे बारा वर्षांची एक मुलगी ताट घेऊन उभी होती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. त्याने मागून तिला मिठी मारली आणि तिच्या केसांत नाक खुपसले. मुलगी किंचाळली, ताट खाली पडले, सभागृहातील बोलणे थांबले. लहानपणी तो नेमके हेच करीत असे. तेव्हा याच सभागृहात याच मावश्या-काकू हसून म्हणत, "किती माया आहे हो पोराला!" चौथ्या वर्षी ज्या कृतीबद्दल त्याच्या हातावर लाडू ठेवला गेला, त्याच कृतीबद्दल चौदाव्या वर्षी एका काकांनी त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेले. मधल्या दहा वर्षांत नियम बदलला होता आणि बदलल्याचे त्याला कोणीही सांगितले नव्हते.

आम्ही त्या मुलीच्या आईकडे धावत गेलो आणि म्हणालो, "ताई, माफ करा, त्याला कळत नाही." तिने शांतपणे उत्तर दिले, "त्याला कळत नाही हे मी मानते. पण माझ्या मुलीला कळतं ना?" त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. त्याच संध्याकाळी एका ज्येष्ठ बंधूंनी आमच्या हिताच्या भावनेने सुचवले, "पुढच्या वेळी त्याला घरीच ठेवा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे आम्ही जाणतो. परंतु एखाद्याला समाजाबाहेर ठेवून प्रश्न सुटतो, हा विचार आपल्यापैकी कोणाच्या तोंडी शोभतो का, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की, त्या मुलीला निर्भयपणे रांगेत उभे राहता यावे, ही जबाबदारीही आपलीच होती. या दोन्ही गोष्टी एकदम साधण्याचा एकच मार्ग आहे. आपल्या ऑटिस्टिक मुलामुलींना शरीर, वयात येणे, नाती, संमती आणि लैंगिकता यांविषयी वेळेवर, स्पष्ट शब्दांत आणि वारंवार शिकवणे. आमचे ठाम मत असे की, हे शिक्षण न देणे हा त्या मुलांवर आणि त्यांच्या भोवतीच्या प्रत्येकावर केलेला अन्याय आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द दिसायला सुंदर आहे, पण दिशाभूल करणारा आहे. जो स्वतःतच मग्न आहे, त्याला दुसऱ्याची गरज नाही, असा अर्थ त्यातून आपोआप निघतो. प्रत्यक्षात बहुसंख्य ऑटिस्टिक तरुणांना मैत्री हवी असते. अनेकांना प्रेम, सहवास आणि संसारही हवा असतो. अडचण येते ती इतर लोक जे नियम न सांगता पाळतात, ते ओळखण्यात. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये 'दुहेरी सहानुभावाचा प्रश्न' मांडला. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही, एवढेच आपण म्हणतो. पण इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचे मन कळत नसते, असे त्यांचे म्हणणे. आमच्या घरात हे अक्षरशः खरे ठरले. तो मिठीत वास शोधत होता. सभागृहाने त्यात वासना पाहिली. आणि आम्ही दोघांकडेही पाहिले नाही.

वयात येण्यास ऑटिझम थांबवीत नाही. साधारणपणे मुलींमध्ये आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वर्षांच्या दरम्यान शरीर बदलू लागते. ऑटिस्टिक मुलांचेही साधारण याच वयात बदलते. मूल बोलते की नाही, वाचते की नाही, स्वतः आंघोळ करते की नाही, याची हार्मोन्स चौकशी करीत नाहीत. उलट या मुलांना बदल मुळातच सोसत नाही. रोजचा शाळेचा रस्ता बदलला तरी दिवस बिघडतो, तेथे स्वतःचे शरीरच पूर्वसूचनेशिवाय बदलू लागले तर काय होत असेल? म्हणून इतर मुलांना जे दहाव्या-बाराव्या वर्षी सांगावे, ते या मुलांना त्याहून आधी सांगावे लागते.

सांगावे तर कोणत्या शब्दांत? येथे आपली मायबोली आपल्याला अडचणीत आणते. ऑटिस्टिक मूल बहुधा शब्दाचा सरळ अर्थ घेते आणि आपली भाषा या विषयावर सरळ बोलतच नाही. पाळी आली की 'कावळा शिवला'. गर्भ राहिला की 'दिवस गेले'. मुलगा मोठा होऊ लागला की 'आवाज फुटला'. बाळ असते 'पोटात', म्हणून आमच्या मुलाने विचारले होते की ते जेवणाबरोबर पचून कसे जात नाही. आमच्या मंडळातील एका भगिनीची मुलगी ऑटिस्टिक आहे. तिला अकराव्या वर्षी प्रथम पाळी आली, तेव्हा भारतातून आलेली आजी घरी होती. आजीने प्रेमाने जवळ घेऊन सांगितले, "बाळा, तुला कावळा शिवला." मुलगी तीन आठवडे शाळेच्या मैदानावर उतरली नाही, कारण मैदानावर कावळे येत. खिडकीतून ती आकाशाकडे पाहत राही. शाळेने आईला बोलावून विचारले, की घरी काही भयंकर घडले आहे का. घडले एवढेच होते की, एका मुलीला तिच्या शरीराविषयी खरे सांगणारा शब्द कोणीही दिला नव्हता.

शरीराच्या अवयवांचेही तेच. त्यांच्यासाठी मराठीत दोनच कोठारे आहेत: एक संस्कृत शब्दांचे, दुसरे शिव्यांचे. घरात आपण यातले काहीच वापरत नाही. 'शूची जागा' म्हणून वेळ मारून नेतो. पण उद्या कोणी त्या मुलाशी दुर्वर्तन केले आणि ते शिक्षकांना, डॉक्टरांना किंवा पोलिसांना सांगू पाहील, तर त्याच्याजवळ शब्द हवा. शिश्न, वृषण, योनी, स्तन हे शब्द कोपर आणि गुडघा यांच्याइतकेच सभ्य आहेत. मराठीत जमत नसेल तर इंग्रजीत सांगा. पण दोन्हीकडे खरे नाव सांगा. आम्ही हे शब्द पहिल्यांदा उच्चारले तेव्हा आमचीच जीभ अडखळली. मुलाने मात्र वहीत तारखेसह नोंद केली आणि पुढच्या विषयाकडे वळला.

आपली जीभ का अडखळते, याची कारणे आपल्याला ठाऊक आहेत. आमच्या पिढीच्या शाळेत प्रजननाचा धडा आला की गुरुजी म्हणत, "हा घरी वाचा." पुढे २००७ मध्येही महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम नाकारला. पण आपल्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते बोलून दाखवले पाहिजे. ज्या समाजाच्या स्त्रियांच्या देहावर पिढ्यान्‌पिढ्या इतरांनी हक्क सांगितला आणि वर त्यांनाच चारित्र्यहीन ठरवले, तो समाज अब्रूला ढालीसारखा धरतो. परदेशात आल्यावर ही ढाल अधिकच जड होते. आपल्या मुलांनी कोणाला बोट दाखवायला जागा देऊ नये, ही आपली धडपड समजण्यासारखी आहे. परंतु ढाल इतकी जवळ धरली की, मूलच तिच्यामागे गुदमरू लागले. शिवाय 'विटाळ' हा शब्द आपण आपल्या जीवनातून उखडून टाकला, असे आपण अभिमानाने सांगतो. मग मुलीच्या पाळीचे पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत का लपवतो? मुलाची चादर धुताना आईचा चेहरा का बदलतो? माणसाच्या देहाला अपवित्र मानणाऱ्या ज्या विचाराने आपल्याला गावाबाहेर ठेवले, त्याचाच एक तुकडा आपल्या न्हाणीघरात शिल्लक राहिला आहे.

या बाबतीत बाबासाहेब कोठे उभे होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालवले. लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन यांविषयी ते उघडपणे लिहीत आणि वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रश्नांपैकी काही हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी आकर्षणाविषयी होते. लोक प्रश्न विचारतात, म्हणजे त्यांना ज्ञान हवे आहे, आणि ज्ञान देणे हा गुन्हा नव्हे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या ठरावावर त्यांनी तयार केलेले भाषण त्यांच्या सहकाऱ्याने सभागृहात मांडले. तो ठरावही फेटाळला गेला. दोन्ही वेळा पराभव झाला, पण बाबासाहेबांनी भूमिका सोडली नाही. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो, त्यांच्या ग्रंथांवर चर्चासत्रे घेतो. आणि आपल्याच घरातील मुलाने तोच प्रश्न विचारला तर टीव्हीचा आवाज वाढवतो.

तिसरे शीलही आठवावे. आमचा मुलगा पाचव्या वर्षापासून पंचशील पालीत शुद्ध म्हणतो; एक मात्राही चुकत नाही. तिसऱ्या शीलाचा अर्थ त्याने विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "वाईट वागू नये." ऑटिस्टिक मुलाला 'वाईट वागू नये' या वाक्यातून काय कळणार? आपल्या इच्छेपायी दुसऱ्याला किंवा स्वतःला इजा पोहोचू देऊ नये, हा त्या शीलाचा आशय कृतीच्या भाषेत उतरवला पाहिजे. कोणाला स्पर्श करण्यापूर्वी विचारायचे. उत्तर 'हो' असेल तरच पुढे जायचे. उत्तर आले नाही तर ते 'नाही' समजायचे. काल 'हो' म्हटले म्हणून आज 'हो' आहे, असे नाही. हेच शील एका तरुणाच्या वहीत उतरले की नियम बनते, आणि नियम पाळण्यात आमच्या मुलाइतका प्रामाणिक माणूस आम्ही पाहिलेला नाही.

आता या देशाच्या कायद्याविषयी. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचे आणि माध्यमिक शाळांत नातेसंबंध व लैंगिकता यांचे शिक्षण बंधनकारक आहे. विशेष शाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत. लैंगिक शिक्षणाच्या भागातून मुलाला वगळण्याची विनंती पालक करू शकतात. मात्र सोळा वर्षे पूर्ण होण्याच्या तीन सत्रे आधीपासून मूल स्वतः ते शिक्षण मागू शकते. आम्ही आठवीच्या वर्षात असे विनंतीपत्र लिहिले होते. 'आमच्या मुलाला हे समजणार नाही, तो उगाच गोंधळेल' असे कारण दिले होते. वर्गातील इतर मुले शिकत होती, तेव्हा तो ग्रंथालयात बसून रेल्वेची वेळापत्रके पाठ करीत होता. त्या पत्राची प्रत आमच्या फाइलमध्ये अजून आहे. सभागृहातील प्रसंगाला जबाबदार कोण, असे कोणी विचारले तर आम्ही तोच कागद दाखवू.

कायदा मात्र अज्ञानाची सबब फारशी ऐकत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये फौजदारी जबाबदारीचे वय दहा वर्षे आहे. संमतीचे वय सोळा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे नग्न छायाचित्र काढणे, जवळ ठेवणे किंवा पाठवणे हा गुन्हा आहे, मग ते छायाचित्र त्या मुलाने स्वतःचेच काढलेले का असेना. ऑनलाइन खेळात भेटलेला अनोळखी माणूस 'मित्र' म्हणवतो, छायाचित्र मागतो आणि मित्राचे ऐकावे हे आपणच शिकवलेले असते. ज्या मुलाला नियम शब्दशः पाळता येतो, त्याला हे नियम शब्दशः सांगितले तर तो सुरक्षित राहतो. न सांगितले तर तो एकाच वेळी बळीही ठरू शकतो आणि आरोपीही.

बळी ठरण्याचा धोका फार मोठा आहे, हे पालकांनी विसरू नये. लहानपणापासून आपण या मुलांना आज्ञापालन शिकवतो: हात खाली, गप्प बस, सांगितले तेवढे कर. ऐकले की बक्षीस देतो. पाहुणे आले की म्हणतो, "काकांना पापी दे." मूल मागे सरले की दटावतो. अशा रीतीने, मोठ्या माणसाला आपल्या देहाविषयी 'नाही' म्हणता येत नाही, हा धडा आपण दहा वर्षे गिरवून घेतो. दुष्ट माणसाला याहून सोपे सावज कोणते? म्हणून आमची पहिली विनंती ही आहे की, कोणत्याही मुलाला मिठी, पापी वा पाया पडणे यांची सक्ती करू नका. लांबून 'जय भीम' म्हटले तरी आदर पोहोचतो.

आम्ही पुढे जे केले ते कोणालाही करता येण्यासारखे आहे. प्रथम आम्ही स्वतः सुधारलो. तेराव्या वर्षापर्यंत त्याला दार उघडे ठेवून आंघोळ घातली जात होती. ज्याला खाजगीपणा मिळालाच नाही, तो दुसऱ्याचा खाजगीपणा कसा ओळखणार? दार बंद झाले, टकटक करून आत जाण्याचा नियम आम्हांलाही लागू झाला. नंतर घराचा नकाशा काढून खाजगी आणि सर्वांच्या जागा दोन रंगांनी रंगवल्या. स्वतःच्या शरीराला हात लावून सुख वाटणे हा आजार नाही, पापही नाही. पण ते फक्त स्वतःच्या खोलीत, दार लावून, पडदा ओढून. शाळेतील शौचालयाला दार असले तरी ती जागा त्यासाठी नाही, हे वेगळे सांगावे लागले, कारण त्याच्या तर्काने दार म्हणजे खाजगी. मग एकात एक वर्तुळे काढली. मध्ये तो स्वतः, मग घरचे, मग मित्र, मग ओळखीचे, मग बसचालक-दुकानदार, मग अनोळखी. आणि प्रत्येक वर्तुळात कोणता स्पर्श, कोणते बोलणे चालते, हे चित्रांनी दाखवले. ज्या मुलीला कावळ्याची भीती वाटली होती, तिच्या आईने धाकटीसाठी आधीच तयारी केली: पॅड हातात घेऊन पाहणे, घरी एखादा तास वापरून पाहणे, दिनदर्शिकेवर लाल टिंब करणे. थोरलीला पॅडचा खरखरीत स्पर्श आणि वास सोसत नव्हता. तिला पाळीसाठीची शोषक अंतर्वस्त्रे मानवली. जी मुले बोलत नाहीत, त्यांच्या चित्रफलकावर 'नाही', 'थांब' आणि 'येथे दुखते' ही चित्रे व शरीराच्या भागांची चित्रे असलीच पाहिजेत. ज्यांच्या मुलांचा ईएचसीपी झालेला आहे, त्यांनी लक्षात ठेवावे की नववीच्या वर्षापासूनच्या वार्षिक आढाव्यात प्रौढ जीवनाच्या तयारीचा विचार करावाच लागतो आणि मैत्री व नातेसंबंध हा त्याचा भाग आहे. नातेसंबंधांचे शिक्षण आराखड्यात लिहून मागा. ती कृपा नव्हे, हक्क आहे.

काही पालक म्हणतात, "आमचे मूल निरागस आहे, सांगून त्याच्या डोक्यात कशाला भरवायचे?" आम्हीही हेच म्हणत होतो. देहातील इच्छा कोणी सांगितल्याने येत नाही. सांगितल्याने फक्त तिला नाव आणि मर्यादा मिळते. प्रौढ होऊ लागलेल्या माणसाला निरागस म्हणत राहणे हे कौतुक नसून त्याचे माणूसपण अर्धवट मान्य करणे आहे. तसेच ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये समलिंगी, उभयलिंगी वा लिंगभावाने वेगळ्या असणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असल्याचे अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे. काहींना कोणाविषयीच आकर्षण नसते. तुमच्या मुलाने असे काही सांगितले तर तो ऑटिझमचा गोंधळ समजून झटकून टाकू नका. समतेचा अर्थ आपल्याला सोयीच्या माणसांपुरता नसतो.

आणि लग्न. 'लग्न करून द्या, सगळे ठीक होईल' हा सल्ला आम्हांला चार वेळा मिळाला. एकदा तर विदर्भातील एका गरीब घरच्या मुलीचे स्थळही सुचवले गेले. तिला काहीही न सांगता येथे आणायचे, जिचे या देशातील राहणेच त्या लग्नावर अवलंबून असेल अशा मुलीकडून आमच्या मुलाची आयुष्यभर शुश्रूषा करून घ्यायची, आणि याला मंगल परिणय म्हणायचे! आमच्या मुलाला हवे असेल आणि समोरच्या व्यक्तीला सर्व माहीत असून हवे असेल, तर आम्ही आनंदाने त्यांच्या मागे उभे राहू. अनेक ऑटिस्टिक माणसे सुखाने संसार करतात. पण लग्न हा उपचार नाही आणि पत्नी ही परिचारिका नाही. या देशाच्या कायद्यानुसार लग्नाला किंवा शरीरसंबंधाला दुसऱ्या कोणाच्याही वतीने, अगदी स्वतःच्या मुलाच्या वतीनेही, आईवडिलांना संमती देता येत नाही. ज्याच्यात संमती देण्याची क्षमता नाही, त्याचे लग्न घडवून आणणे हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, जबरदस्ती केली नसली तरीही.

म्हणून आपल्या मंडळापुढे आम्ही चार गोष्टी ठेवीत आहोत. बालसंस्कार वर्गात वर्षातून काही तास शरीर आणि संमती यांसाठी, वयानुसार गट करून, प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीने द्यावेत; सर्व मुलांसाठी, केवळ ऑटिस्टिक मुलांसाठी नव्हे. मराठी-इंग्रजी शब्दांची आणि चित्रांची एक छोटी पुस्तिका आपल्यातील डॉक्टर व शिक्षक भगिनी-बंधूंनी मिळून तयार करावी. भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांनाही ती द्यावी. प्रत्येक कार्यक्रमात एक शांत खोली असावी. आणि वधूवर मेळाव्यात अपंगत्व वा ऑटिझम लपवून कोणतीही नोंदणी स्वीकारू नये.

आमच्याजवळ सर्व उत्तरे आहेत, असे नाही. मागच्या महिन्यात मुलाने विचारले, "मैत्रीण मिळवायची असेल तर काय करावे लागते? पायऱ्या सांगा." आम्ही खूप वेळ गप्प बसलो. शेवटी सांगितले की याला ठरलेल्या पायऱ्या नाहीत. आवडीचे काम जेथे चालते तेथे जावे, विचारावे, आणि 'नाही' आले तर घरी परत यावे. त्याला उत्तर अपुरे वाटले. ते अपुरे आहेच. आता तो दर शनिवारी जुन्या रेल्वेगाड्यांची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांत जातो.

राहिल्या त्याच्या दोन दुरुस्त्या. पहिली अशी, की सभागृहातील त्या मुलीला त्याने नंतर पत्र लिहून क्षमा मागितली होती आणि तिने उत्तरही दिले होते, हे लेखात नव्हते. ते लिहावे, असे त्याने सांगितले. दुसरी दुरुस्ती त्या प्रसंगाच्या वर्णनातली आहे. पहिल्या मसुद्यात आम्ही लिहिले होते, 'नियम बदलल्याचे त्याला कळले नव्हते.' त्याने 'कळले' हा शब्द पेन्सिलीने खोडला आणि वर लिहिले, 'कोणीही सांगितले'.

जय भीम! नमो बुद्धाय!